ब्रह्मयज्ञ : रोजच्या स्वाध्यायाचे ऋण

भाविकाच्या दिनचर्येत काही कृत्ये अशी असतात की, ती केल्याने विशेष पुण्य पदरी पडते असे नाही. परंतु ती न केल्यास दोष मात्र लागतो. धर्मशास्त्राने त्यांना नित्यकर्मे म्हटले आहे. आरोग्यासाठी, संततीसाठी वा धनासाठी केले जाते ते काम्य कर्म. प्रसंगपरत्वे केले जाते ते नैमित्तिक. आणि कोणतेही मागणे न मागता दररोज करावयाचे ते नित्य. पंचमहायज्ञांची गणना या नित्यकर्मांत होते. त्यांतील चार यज्ञ कोणत्या ना कोणत्या रूपाने आजही मराठी घरांतून टिकून आहेत. देवघरातील पूजा व निरांजन हे देवयज्ञाचे रूप. श्राद्धपक्ष हे पितृयज्ञाचे. गाईला व कावळ्याला काढून ठेवलेला घास म्हणजे भूतयज्ञ. आणि दारी आलेल्या पाहुण्याला गूळपाणी विचारणे हा मनुष्ययज्ञ. पाचवा ब्रह्मयज्ञ मात्र बहुतेक घरांतून नाहीसा झाला आहे. ब्रह्मयज्ञ म्हणजे रोजचे अध्ययन आणि अध्यापन. शिक्षण हे विद्यार्थ्याचे काम आणि ते शेवटच्या परीक्षेबरोबर संपते, अशी समजूत रूढ झाल्यापासून या यज्ञाची कोणाला आठवणही होईनाशी झाली.

या यज्ञामागे ऋणाची कल्पना आहे. मनुष्य जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे वैदिक परंपरा मानते : देवांचे, पितरांचे आणि ऋषींचे. देवऋण यज्ञाने फिटते, पितृऋण संततीने आणि ऋषिऋण अध्ययनाने. ज्यांनी ज्ञान शोधले, जपले आणि मागे ठेवले त्यांचे देणे ते ज्ञान शिकूनच फेडावयाचे, अन्य कोणत्याही मोबदल्याने ते फिटत नाही. रोज शिकावयाचे ते या कारणाने. नवे काही शिकल्याने मन रमते, बुद्धी तल्लख राहते, चार लोकांत मान मिळतो हे सारे खरे आहे. पण ही झाली काम्य फळे. देणेकरी मनुष्य हप्ता भरतो तो आनंद होतो म्हणून नव्हे.

परंतु येथे एक शंका उपस्थित होते आणि ती विचारणारा बहुधा श्रद्धाळूच असतो. स्वाध्याय म्हणजे आपापल्या शाखेच्या वेदाचे पठण; त्यात इतिहास, भूगोल, सृष्टिविज्ञान यांचा काय संबंध? देवाच्या दारी येणाऱ्याला या लौकिक माहितीची आवश्यकता ती काय?

शंकेच्या पहिल्या भागाचे उत्तर ग्रंथांतच आहे. शतपथ ब्राह्मणात स्वाध्यायाचे जे प्रकरण आहे, त्यात वेदांबरोबरच विद्या, वाकोवाक्य म्हणजे प्रश्नोत्तररूप वाद, इतिहास, पुराण आणि गाथा यांचेही रोज अध्ययन सांगितले आहे. तैत्तिरीय उपनिषदातील शिक्षावल्ली तर त्याहून पुढे जाते. सत्य, तप, इंद्रियनिग्रह, अतिथिसत्कार, संततीचे पालन अशी एकेक कर्तव्ये तेथे मोजली आहेत आणि प्रत्येकाच्या जोडीला स्वाध्याय व प्रवचन ही दोन पुन्हापुन्हा सांगितली आहेत. प्रवचन याचा तेथील अर्थ शिकलेले दुसऱ्याला शिकविणे. कोणत्याही कर्तव्यात गुंतलेल्या गृहस्थाला ‘वेळ नाही’ ही सबब ऋषींनी ठेवलेली नाही, असेच या पुनरुक्तीवरून दिसते.

शंकेचा दुसरा भाग अधिक खोल आहे आणि छांदोग्य उपनिषदात तो स्वतः नारदांनीच मांडला आहे. नारद सनत्कुमारांकडे शिकावयास येतात तेव्हा आपण काय काय शिकलो याची यादी देतात : चार वेद, इतिहास-पुराण, व्याकरण, गणित, तर्क, नक्षत्रविद्या, सर्पविद्या आणि आणखी कितीतरी. इतके सांगून ते म्हणतात की, हे सर्व जाणूनही आपण शोकातच आहोत. सनत्कुमार उत्तर देतात की, हे सर्व केवळ नाम आहे. एवढाच भाग ऐकून थांबणाऱ्याला वाटते, लौकिक विद्या व्यर्थ ठरली. पण सनत्कुमार पुढे ती विद्या टाकून द्यावयास सांगत नाहीत. नामाची उपासना कर, असे सांगून ते नारदांचा हात धरतात आणि नामाहून वाणी मोठी, वाणीहून मन मोठे अशा पायऱ्यांनी भूमा म्हणजे अमर्याद तत्त्वापर्यंत नेतात. नाम ही सर्वांत खालची पायरी खरी, परंतु नारदांची चढण सुरू झाली ती तेथूनच. मुंडक उपनिषदानेही परा आणि अपरा या दोन्ही विद्या जाणावयास सांगितल्या आहेत.

मुंबईत या प्रश्नाचे एक मूर्त उदाहरण उभे आहे. १९३१ साली परळ-शिवडी भागात रस्त्याचे काम चालू असता जमिनीतून एक प्रचंड शिल्प निघाले. अखंड शिळेत कोरलेली, तीन मीटरहून अधिक उंचीची ही शिवमूर्ती आहे. मध्यभागी उभा शिव, त्याच्या देहातून वर उमललेली आणखी रूपे, दोन्ही अंगांना झेपावणाऱ्या आकृती अशी सात रूपे एकाच शिळेत गुंफलेली असून पायाशी वाद्ये घेतलेले गण आहेत. अभ्यासक हे शिल्प इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातील, म्हणजे घारापुरीच्या लेण्यांच्या कालखंडाच्या आसपासचे मानतात. परळच्या बारादेवी मंदिरात ते आजही पूजेत आहे. त्याची प्रतिकृती फोर्ट येथील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळते. या सात रूपांचा नेमका अर्थ कोणता याविषयी विद्वानांत एकमत नाही.

या मूर्तीपुढे हात जोडणाऱ्या एखाद्या आजीबाईंना तिचे वय ठाऊक नसते. त्यांच्या नमस्कारात त्यामुळे काही उणे राहते काय? मुळीच नाही. देवाला इतिहासाची परीक्षा घ्यावयाची नसते. परंतु त्या शिळेसमोर दुसरेही एक देणे उभे असते. दीड हजार वर्षांपूर्वी, मुंबई नावाचे शहर नसताना, समुद्राने वेढलेल्या एका लहानशा बेटावर कोणी शिल्पी छिन्नी घेऊन बसला होता. त्याचे नाव कोठे कोरलेले नाही. देवाला केलेला नमस्कार त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याच्याविषयी जाणून घेणे एवढेच त्याला देता येते. त्या बेटाचा आकार कसा होता, गिरगाव, माहीम, वरळी यांच्यामध्ये भरतीचे पाणी कसे शिरत असे, ते १७८४ च्या सुमारास पूर्ण झालेल्या वरळीच्या बांधाने कसे अडले, असे एकेक जाणत गेले की भूगोलही याच ऋणाच्या हिशोबात येतो. गिरगावातील फणसवाडी, केळेवाडी ही नावे ज्या बागांची आठवण देतात त्यांचा आज मागमूसही नाही. परळ हे नाव पाडळ वृक्षावरून आले असे एक मत आहे, तर परळी वैजनाथ महादेवाच्या देवळावरून आले असे दुसरे. रोज ज्या नावाच्या स्थानकावर लोकलमधून उतरावयाचे, त्याविषयी एवढीही विचारपूस नसावी, हे काही कौतुकास्पद नाही.

ऋणाची भाषा वापरताना एक गोष्ट प्रांजळपणे सांगणे अवश्य आहे. रोजच्या स्वाध्यायाचा हा सुंदर नियम शतकानुशतके थोड्यांसाठीच होता. स्त्रियांना व बहुसंख्य जातींना तो नाकारला गेला. ज्याला ग्रंथाला हात लावू दिला नाही त्याच्याकडे ऋषिऋणाची मागणी करता येत नाही. उलट ज्यांनी दार लावून घेतले त्यांच्याच खात्यावर ते ऋण वाढत गेले. म्हणून मुंबईच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले असता तो थकलेल्या देण्याच्या फेडीचा इतिहास वाटतो.

या फेडीचा आरंभ छापील अक्षराने झाला. १८३२ साली ‘दर्पण’ पत्र काढणारे आचार्य बाळशास्त्री जांभेकर यांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ हे मराठीतील पहिले मासिक सुरू केले. भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान, रसायन, गणित, व्याकरण हे त्याचे विषय. वाचकाने दर महिन्याला सृष्टीविषयी आणि जगाविषयी काही नवे जाणावे आणि तेही आपल्या भाषेत, हा हेतू त्यामागे स्पष्ट दिसतो. बाळशास्त्रींना आयुष्य लाभले जेमतेम ३४ वर्षांचे. १८४६ साली ते गेले. दोनच वर्षांनी, १८४८ साली, एल्फिन्स्टनमधील तरुणांच्या प्रेरणेने ज्ञानप्रसारक सभा स्थापन झाली. याच मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा नाना शंकरशेट यांनी गिरगावातील आपल्या वाड्यात त्यांतील एका शाळेला जागा दिली. त्या काळी मुलींना शिकविणे हा निंदेचा विषय होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या जागेचे मोल कळते.

ज्ञान आपल्या भाषेत, समजावून दिले न गेल्यास काय होते याचा दारुण अनुभव याच शहराने १८९६ साली घेतला. त्या वर्षी मांडवी भागात प्लेग प्रकटला. लोक मरू लागले तसे शहर रिकामे होऊ लागले. रुग्णालयात नेतात ते मारण्यासाठीच, अशा वावड्या उठल्या आणि ऑक्टोबर महिन्यात गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली. त्याच सुमारास डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत प्लेगची लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. पुढे १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली. तीच आजची हाफकिन संस्था.

या प्रसंगात अज्ञानी कामगारांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. प्लेगचा जंतू म्हणजे काय, लस शरीरात काय करते, रुग्णाला वेगळे का ठेवावे लागते, हे त्यांना कोणी कधी सांगितले होते? त्यांच्यापर्यंत पोचले ते घरझडतीचे शिपाई. ज्ञान हुकमाच्या रूपाने आले तर ते भयच उत्पन्न करते. जाणण्याची सोय असूनही न जाणणे हा दोष आहे. पण ज्याला सोयच नव्हती त्याच्या अज्ञानाचा दोष, ज्यांना ठाऊक होते त्यांच्याकडे जातो. उपनिषदाने स्वाध्यायाला प्रवचनाची जोड का दिली, याचे इतके स्पष्ट उत्तर क्वचितच मिळेल.

गिरणगावात ती जोड आली ती रात्रशाळांच्या रूपाने. आधी वेळेचा प्रश्न होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागे होते असे सांगतात. १९११ च्या कारखाना कायद्याने कापडगिरणीतील पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांवर आणला. त्याच साली नारायण मल्हार जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग ही संस्था स्थापन केली. कामगार वस्तीत रात्रीचे वर्ग, वाचनालये आणि व्याख्याने चालविणे हे तिच्या प्रमुख कार्यांपैकी एक होते. परळच्या दामोदर हॉलशी तिचे नाव कायमचे जोडलेले आहे. बारा तास साच्यावर उभे राहून, कानात यंत्रांचा घोष आणि अंगावर कापसाची कुसे घेऊन मनुष्य खोलीवर परततो, खाणावळीत दोन घास खातो आणि पाटी घेऊन पुन्हा बाहेर पडतो, या चित्रापुढे ‘आम्हांला वेळ मिळत नाही’ हे वाक्य उच्चारणे कठीण आहे.

याच वस्तीतील एका खोलीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन गेले. चरित्रकार सांगतात की, खोली एकच आणि माणसे अनेक असल्याने वडील रामजी सुभेदार स्वतः जागत बसत आणि रात्री दोनच्या सुमारास मुलाला अभ्यासासाठी उठवीत. शाळा सुटल्यावर हा मुलगा गिरगाव चौपाटीजवळच्या चर्नी रोड उद्यानात पुस्तक घेऊन बसे. विल्सन हायस्कूलमधील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर तेथे नेहमी येत. पुस्तकात बुडालेला हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला वाचावयास पुस्तके दिली आणि त्याच्या सत्कारासाठी भरलेल्या सभेत स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र भेट दिले. पुढे उच्च शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला तोही केळुसकरांनीच. त्या एका पुस्तकाने आपल्या मनावर केलेला परिणाम बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरीस लिहून ठेवला आहे. १९५६ साली नागपूर येथे त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तिची एक दूरची वाट त्या बागेतील बाकाकडे जाते.

केळुसकरांच्या या कृतीत शिकणे आणि शिकविणे वेगळे काढता येत नाही. ग्रंथ लिहिण्यासाठी त्यांना स्वतःला अध्ययन करावे लागले. ते झाले स्वाध्यायाचे अंग. तो ग्रंथ नाकारलेल्या घरातील मुलाच्या हाती ठेवणे हे प्रवचनाचे अंग. बाबासाहेबांनीही घेतलेले स्वतःपाशी ठेवले नाही. १९२४ साली दामोदर हॉलमध्ये भरलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेची वाटचाल सुरू झाली आणि वसतिगृहे, वाचनालये, अभ्यासमंडळे यांद्वारे शिक्षणप्रसार हे तिचे पहिले उद्दिष्ट ठरले. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी.

हे देणे फेडण्यास पंडितच असावे लागते असेही नाही. परळ-चिंचपोकळीच्या परिसरात गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने टाकून दिलेले एक अर्भक उचलून घरी नेले, त्याला आपले नाव दिले आणि तुटपुंज्या कमाईतून शाळेत घातले. मोठेपणी गिरणीत व महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून राबता राबता त्या मुलाने उरलेले शिक्षण पुरे केले आणि तो शिक्षक झाला. कविवर्य नारायण सुर्वे ते हेच. गंगारामांचा स्वतःचा ग्रंथसंग्रह काही नव्हता. तरीही ऋषिऋणाच्या वहीत त्यांचे नाव कोणत्याही ग्रंथकाराच्या बरोबरीने लिहावे लागेल.

आज परिस्थिती उलट झाली आहे. ज्ञानाची दारे पुष्कळ प्रमाणात उघडली आहेत. १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादर येथे आहे. मराठी विश्वकोशाचे सर्व खंड घरबसल्या विनामूल्य वाचता येतात आणि ते सिद्ध करणाऱ्या मंडळाचे कार्यालय प्रभादेवीलाच आहे. हातातील मोबाईलवर तर दिवसाला शेकडो मजकूर येऊन पडतात. म्हणून कोणी म्हणेल, आता ब्रह्मयज्ञ अखंडच चालू आहे. परंतु येऊन पडणे आणि शिकणे यांत अंतर आहे. शतपथाने वाकोवाक्याचा, म्हणजे प्रश्न विचारण्याचा, समावेश स्वाध्यायात केला तो उगाच नव्हे. हे कोणी सांगितले, कशावरून सांगितले, याला दुसरी बाजू आहे काय, एवढे तीन प्रश्न विचारल्यावाचून पुढे पाठविलेला मजकूर प्रवचन ठरत नाही. १८९६ सालच्या वावड्या तोंडोतोंडी पसरल्या होत्या. त्या पसरविणाऱ्यांपाशी पडताळून पाहण्याचे साधन नव्हते, ही त्यांची बाजू होती. आज एखाद्या औषधाविषयी, देवस्थानाविषयी वा दुसऱ्या समाजाविषयी खोटे पुढे ढकलणाऱ्याला ती बाजू उरलेली नाही.

व्यवहारात हा यज्ञ फार मोठा करण्याचे कारण नाही. जुन्या विधीतही ज्याला अधिक जमत नाही त्याने थोडके म्हणावे, पण दिवस चुकवू नये असाच भाव आहे. दर्शनाच्या रांगेत तासभर उभे राहावे लागते. सभामंडपातील खांबाचा दगड कोठला, देवळाचा जीर्णोद्धार कोणी व केव्हा केला, उत्सव याच तिथीला का, हे गुरवांना वा पुजाऱ्यांना विचारले तर ते आनंदाने सांगतात. त्यांनाही विचारणारा हवा असतो. घरी परतल्यावर तेच नातवंडांना सांगितले की दुसरे अंगही पुरे होते. एखाद्या दिवशी नक्षत्रांचे काही, एखाद्या दिवशी नदीचे, एखाद्या दिवशी शेजारच्या धर्माच्या सणाचे. क्रम कोणताही चालेल.

दानाविषयीही येथे एक शब्द सांगावासा आहे. अनेक देवस्थाने अन्नछत्राबरोबर पुस्तकपेढी व शिष्यवृत्ती चालवितात, परंतु दात्यांचा ओघ अन्नदानाकडे अधिक असतो, आणि भुकेचा प्रश्न प्रथम असल्याने ते योग्यही आहे. मुंबईच्या रात्रशाळांत हे दोन्ही प्रश्न एकाच बाकावर बसलेले आढळतात. गिरण्या गेल्या, १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचे रूप पालटले, तरी या शहरात रात्रशाळा आजही भरतात. दुकानात, उपाहारगृहात, कुरिअरच्या कामात दिवस घालविलेली मुले-मुली संध्याकाळी तेथे येतात, तेव्हा वही उघडण्याआधी त्यांना भूक लागलेली असते. देवळात शेजारतीची तयारी चालू असते, त्याच वेळी त्यांचा शेवटचा तास चालू असतो; तो बहुधा विज्ञानाचा वा भूगोलाचा असतो.